इंग्लिशचा उतारा आणि त्याखालचे प्रश्न: मूल नेमकं कुठे अडतं?

हे वाक्य वाचा: ‘टोंबड्या फिरकणाने सकाळीच सगळी मुंगटं चिकाटली.’ आता प्रश्न. मुंगटं कोणी चिकाटली? टोंबड्या फिरकणाने. कधी चिकाटली? सकाळी. किती चिकाटली? सगळी. तीनपैकी तीन मार्क! फिरकण म्हणजे काय, ते तुम्हाला माहीत नाही आणि मलाही नाही, कारण हे शब्द मी आत्ताच रचलेत. पण चौथा प्रश्न आला, ‘फिरकणाने असं का केलं असेल?’, की आपण गप्प.

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातली आपली कितीतरी मुलं इंग्लिशचा उतारा नेमकी अशीच सोडवतात. प्रश्नातला एखादा शब्द धरायचा, तो उताऱ्यात शोधायचा आणि तो सापडला ते वाक्य जसंच्या तसं वहीत उतरवायचं. पहिले एक-दोन प्रश्न बरोबर येतात, त्यामुळे घरच्यांना वाटतं पोराला उतारा कळला. ‘का’ आणि ‘कशावरून’ विचारलं की गाडी थांबते, आणि मग ‘इंग्लिश कच्चं आहे’ असा शिक्का बसतो. कच्चं म्हणजे कुठे कच्चं, हे कोणी बघत नाही. ते बघितल्याशिवाय क्लास लावून फारसा उपयोग होत नाही, हे माझं स्पष्ट मत आहे.

वाचनाचा अभ्यास करणाऱ्या गफ आणि टनमर यांनी 1986 मध्ये एक साधं सूत्र मांडलं. वाचून समजणं म्हणजे दोन गोष्टींचा गुणाकार: अक्षरांवरून शब्द ओळखता येणं आणि ती भाषा ऐकून समजणं. बेरीज नव्हे, गुणाकार. दोन्हींपैकी एक शून्य असेल तर उत्तरही शून्य. यातून घरच्या घरी करता येईल अशी एक तपासणी निघते. मुलाला उतारा स्वतः वाचू द्या. कळला नाही, तर घरातल्या कोणा ताई-दादाने तो हळू, स्पष्ट वाचून दाखवावा. ऐकून कळला, तर मुलाची अडचण अक्षरं वाचण्यात आहे. ऐकूनही कळला नाही, तर मग तीच गोष्ट मराठीत सांगा आणि तेच प्रश्न मराठीत विचारा. आता धडाधड उत्तरं आली, तर अडचण इंग्लिश भाषेची आहे. मराठीतही ‘का’ला उत्तर येत नसेल, तर दुखणं इंग्लिशचं नाहीच. त्या मुलाशी मराठीतच गोष्टींवर बोलायची सवय लावायला हवी. तीन मुलं, तिघांनाही दहापैकी तीन मार्क, आणि तिघांची कारणं वेगळी.

अक्षरांची अडचण आपल्याकडे जरा जास्तच असते, त्यालाही कारण आहे. आपली मुलं लहानपणापासून दोन लिप्या वाचतात, देवनागरी आणि कन्नड. दोन्हींत बहुतेक वेळा लिहिलेलं असतं तसंच वाचायचं. इंग्लिशचा कारभार निराळा. टफ, कॉफ, थ्रू, दो या चारही शब्दांच्या शेवटी तीच चार अक्षरं, ओ-यू-जी-एच, आणि उच्चार चार तऱ्हांचे. म्हणून मुलं काय करतात? पाठ्यपुस्तकात इंग्लिश शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीने बारीक मराठी अक्षरं लिहून ठेवतात. खानापूरकडच्या एखाद्या शाळेतलं पुस्तक उघडून बघा, पान भरलेलं दिसेल. सुरुवातीला याला माझी हरकत नाही. पण एकदा लिहिलं की डोळा पेन्सिलीकडेच जातो, खालच्या इंग्लिश शब्दाकडे पुन्हा बघतच नाही. म्हणून धडा दोन-तीनदा वाचून झाला की ती अक्षरं खोडायची. जो शब्द खोडल्यावर अडेल तेवढाच वेगळ्या वहीत लिहायचा. अडणारे शब्द वाटतात त्यापेक्षा बरेच कमी निघतात.

आता खरा प्रकार बघू. नमुन्याला एक छोटा उतारा घेऊ, मीच रचलेला. इंग्लिश आहे, पण इथे देवनागरीत लिहितो:

‘अ ट्रेडर फ्रॉम निपाणी ऑफर्ड द ओल्ड फार्मर अ गुड प्राइस फॉर हिज बुलक्स. द फार्मर शुक हिज हेड. दे हॅड प्लाउड हिज फील्ड फॉर इलेव्हन इयर्स. द ट्रेडर हू हॅड कम टू बाय द बुलक्स वेन्ट अवे अँग्री. दॅट नाइट द फार्मर फेड देम बिफोर ही एट.’

निपाणीच्या व्यापाऱ्याने म्हाताऱ्या शेतकऱ्याला बैलांचा चांगला भाव सांगितला, शेतकऱ्याने नकार दिला, व्यापारी रागाने निघून गेला, आणि त्या रात्री शेतकऱ्याने आधी बैलांना वैरण घातली, मग स्वतः जेवला. गोष्ट एवढीच. पण या पाच वाक्यांत मुलं चार ठिकाणी पडतात.

पहिली जागा ‘शुक हिज हेड’. मुलगा शब्दशः अर्थ लावतो: त्याने मान हलवली. मान हलवली म्हणजे आपल्याकडे होयसुद्धा असू शकतं! बाजारात भाव ठरताना आपली माणसं मान कशी हलवतात ते आठवा. झालं, मुलाच्या डोक्यात सौदा ठरला, बैल गेले. पुढचं वाक्य त्याला जुळत नाही, पण जुळत नाही म्हणून तो मागे येऊन बघत नाही, तसाच पुढे जातो. इंग्लिशमध्ये या शब्दांचा अर्थ नकार असतो, हे कोणीतरी एकदा सांगावंच लागतं. ते नुसत्या डिक्शनरीतून नीट लक्षात येत नाही.

दुसरी जागा ‘दे’. अकरा वर्षं शेत कोणी नांगरलं? मुलं लिहितात, ट्रेडर आणि फार्मर. कारण ‘दे’ म्हणजे ‘ते’, आणि ‘ते’ म्हणजे माणसं, असं ते धरून चालतात. गंमत म्हणजे कन्नडमध्ये ही चूक होणार नाही. तिथे माणसांना ‘अवरु’ आणि जनावरांना, वस्तूंना ‘अवु’ असे दोन वेगळे शब्द आहेत. मराठीत ते, त्या, ती असा लिंगाचा तरी आधार मिळतो. इंग्लिशचा ‘दे’ माणूस, बैल, खुर्ची सगळ्यांना एकाच दावणीला बांधतो. यावर उपाय पेन्सिलीचा. उताऱ्यातला प्रत्येक ‘ही’, ‘शी’, ‘इट’, ‘दे’, ‘देम’, ‘धिस’ गोल करायचा आणि तो ज्याच्याबद्दल आहे त्या नावापर्यंत बाण काढायचा. उतारा जरा घाण दिसतो, दिसू दे. ‘दे’ म्हणजे कोण, हा प्रश्न परीक्षेत सरळही येतो.

तिसरी जागा सगळ्यांत जड आहे, म्हणून तिथे थोडा वेळ थांबू. ‘द ट्रेडर हू हॅड कम टू बाय द बुलक्स वेन्ट अवे अँग्री.’ प्रश्न: रागाने कोण गेलं? वहीत उत्तर येतं, ‘द बुलक्स वेन्ट अवे अँग्री.’ बैल रागावून गेले! हसू येतं, पण मुलाचा हिशोब समजून घ्या. त्याने ‘वेन्ट’च्या लगेच आधी कोण आहे ते बघितलं. तिथे बैल उभे होते.

हेच वाक्य आपल्या भाषांत मांडा. मराठीत: बैल घ्यायला आलेला व्यापारी रागाने गेला. कन्नडमध्ये: एत्तु कोळ्ळलु बंद व्यापारि कोपदिंद होद. शब्द वेगळे, पण सांगाडा तंतोतंत एक. बैल, घ्यायला, आलेला, व्यापारी, रागाने, गेला. एत्तु, कोळ्ळलु, बंद, व्यापारि, कोपदिंद, होद. शब्दावर शब्द बसतो. दोन्ही भाषांत माणसाचं वर्णन आधी येतं, मग माणूस, आणि क्रियापद अगदी शेवटी. माणूस आणि त्याचं काम शेजारीशेजारी राहतात. इंग्लिशमध्ये माणूस पहिला येतो, मग त्याचं वर्णन मध्ये घुसतं आणि क्रियापद लांब जाऊन पडतं. म्हणजे आपल्या मुलाला घरातली, शाळेतली आणि बाजारातली भाषा एका दिशेने चालवते, आणि इंग्लिशचं पुस्तक दुसऱ्या दिशेने. बसस्टँडवर तो कन्नड कंडक्टरशी सहज बोलतो आणि इंग्लिशच्या वाक्यात हरवतो, यात मुलाच्या बुद्धीचा काही संबंध नाही.

छोट्या शब्दांचंही तसंच. टेबलावर, मेजिन मेले: दोन्हींत आधी टेबल, मग ‘वर’. इंग्लिशमध्ये आधी ‘ऑन’, मग टेबल. हे मुलांच्या लवकर अंगवळणी पडतं, म्हणून त्यावर फार वेळ घालवू नये. वेळ घालवायचा तो ‘हू’, ‘विच’, ‘दॅट’च्या वाक्यांवर. ‘हू’च्या आधी कंस उघडायचा, वर्णन संपलं की बंद करायचा आणि कंसाबाहेरचं तेवढंच वाचायचं: द ट्रेडर वेन्ट अवे अँग्री. कंसातलं नंतर. आठवी-नववीच्या मुलांना हे एकदा दाखवलं की पुढच्या वेळी ती स्वतःच कंस घालायला लागतात.

चौथी जागा शेवटच्या वाक्याची. शेतकरी कसा माणूस होता? उताऱ्यात ‘काइंड’ किंवा ‘लव्ह’ असा शब्दच नाही. शब्द शोधणारा मुलगा इथे हात टेकतो.

इथे प्रश्नांचे प्रकार समजून घेतले की बराच गोंधळ कमी होतो. टॅफी राफेल या अमेरिकी अभ्यासकांनी 1980 च्या दशकात प्रश्नांचं वर्गीकरण केलं ते उत्तर कुठे मिळतं यावरून. काही उत्तरं एकाच वाक्यात तयार असतात: भाव कोणी सांगितला? काही उत्तरं दोन-तीन वाक्यं जोडून मिळतात: शेतकऱ्याने बैल का विकले नाहीत? इथे ‘बिकॉज’ कुठेही लिहिलेलं नाही. नकाराचं वाक्य आणि अकरा वर्षांचं वाक्य मुलाने स्वतः जोडायचं असतं. काही उत्तरं अर्धी उताऱ्यात आणि अर्धी आपल्या डोक्यात असतात: शेतकरी कसा होता? आधी जनावराला, मग आपल्याला, ही रीत शेतकऱ्याच्या घरातल्या पोराला कोणी शिकवावी लागत नाही. बेंदराच्या सणाला बैलांना पोळी खाऊ घालतात ते त्याने बघितलेलं असतं. फक्त ते ज्ञान इंग्लिशच्या पेपरात चालतं, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. आणि काही प्रश्न उताऱ्याबाहेरचेच असतात: तुम्ही असता तर काय केलं असतं? त्याला उताऱ्यात शोधत बसण्यात अर्थ नाही. प्रश्न वाचल्याबरोबर मुलाने ‘हा कुठला?’ एवढं ठरवायचं. एका ठिकाणचा, जोडायचा, ओळखायचा की माझा स्वतःचा.

शब्दार्थांबद्दल एक गैरसमज आहे. प्रत्येक अडलेला शब्द डिक्शनरीत बघायला लावणारे पालक आणि शिक्षक दोघेही भेटतात. हू आणि नेशन या दोन संशोधकांच्या 2000 सालच्या अभ्यासात असं दिसलं की कोणाच्या मदतीशिवाय मजकूर नीट समजायचा तर त्यातले सुमारे 98 टक्के शब्द माहीत असावे लागतात. म्हणजे शंभर शब्दांत दोन अनोळखी. आपल्या मुलाला दहा-पंधरा अनोळखी असतात. ते सगळे बघत बसलं तर शेवटच्या शब्दापर्यंत पहिलं वाक्य विसरतं. म्हणून निवड करायची. जो शब्द प्रश्नात आलाय तो बघायचा, उताऱ्यात पुन्हापुन्हा येतो तो बघायचा. ‘प्लाउड’सारखा शब्द शेत आणि बैल शेजारी असल्यावर अंदाजाने कळतो, त्याच्यासाठी पानं उलटू नयेत. उलट मुलं ज्याबद्दल कधीच विचारत नाहीत ते शब्द जास्त घात करतात: दो, अनलेस, अनटिल, इन्स्टेड. दिसायला छोटे, पण अख्ख्या वाक्याचा अर्थ फिरवतात. ‘अनलेस’ नीट न कळलेला मुलगा होय आणि नाही यांची अदलाबदल करून मोकळा होतो, आणि सगळे शब्द आले होते म्हणतो.

शब्दांइतकीच विषयाची ओळख महत्त्वाची. अमेरिकेत रेक्ट आणि लेस्ली यांनी 1988 मध्ये शाळकरी मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची, पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात हुशार पण खेळ न कळणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. आपल्याकडे बेसबॉलच्या जागी क्रिकेट धरा. यातून एक स्वस्त उपाय निघतो. तरुण भारतमधली एखादी बातमी मुलाने आधी मराठीत वाचायची, पाऊस, क्रिकेट, काहीही. मग त्याच बातमीचा इंग्लिश पेपरातला तुकडा वाचायचा. काय घडलं ते माहीत असल्यामुळे डोकं फक्त भाषेवर चालतं. बेळगावात चहाच्या दुकानातही तिन्ही भाषांतले पेपर एका टेबलावर सापडतात. एवढी सोय पुण्याच्या मुलालाही नाही.

‘आम्हाला इंग्लिश येत नाही, आम्ही कसं शिकवणार?’ असं म्हणणाऱ्या आई-बाबांसाठी आता थोडं. तुम्हाला उत्तर माहीत नसणं इथे कामाला येतं. माहीत असलं की आपण लगेच सांगून मोकळे होतो. एका स्वयंपाकघरातलं बोलणं साधारण असं चालतं:

‘आई, ह्याचं उत्तर काय गं?’

‘मला कुठलं येतंय इंग्लिश? काय लिहिलंय ते सांग की आधी.’

‘एक शेतकरी असतो. त्याचे बैल घ्यायला एकजण निपाणीहून येतो.’

‘मग? दिले काय?’

‘नाही दिले.’

‘का गं बाई? पैसे कमी देत होता?’

‘नाही, चांगले देत होता की.’

‘मग का नाही दिले? कुठे लिहिलंय दाखव बघू.’

पोरगी पुस्तकात बोट ठेवून शोधायला लागते. आई भाकरी थापते आहे, पुस्तकाकडे बघतसुद्धा नाही. पण ‘मग?’, ‘का?’ आणि ‘कुठे लिहिलंय?’ या तीन प्रश्नांत तिने ते काम केलं, ज्याच्यासाठी बाहेर फी भरतात. पालिंक्सर आणि ब्राऊन या अभ्यासकांनी 1984 मध्ये वर्गात हेच पद्धतशीर करून बघितलं होतं. पुढे काय होईल याचा अंदाज, प्रश्न विचारणं, अडलेलं सोडवणं, थोडक्यात सांगणं, आणि हे सगळं आळीपाळीने मुलांनीच करायचं. अशा मुलांचं आकलन चांगलंच सुधारलं.

काही शाळांत इंग्लिशच्या तासाला मराठी बोलायला बंदी असते. बोलण्याच्या सरावासाठी ते ठीक असेल, पण उतारा समजून घेताना ती बंदी घरात आणू नका. एका भाषेत कमावलेली समज दुसऱ्या भाषेत कामी येते, असं जिम कमिन्स या भाषाशिक्षणाच्या अभ्यासकांनी 1979 मध्ये मांडलं आणि त्यानंतर दोन भाषांत शिकणाऱ्या मुलांच्या शिक्षणात त्या विचाराला मोठं स्थान मिळालं. मराठीत ‘का’ शोधायला शिकलेलं मूल इंग्लिशमध्ये नव्याने विचार करायला शिकत नाही. त्याला फक्त शब्द कमी पडतात. एखाद्या घरात आजोळ कन्नड असेल तर कन्नडमध्ये बोला, तेही चालतं.

उत्तर समजलं, आता लिहायचं. इथे मार्क जाण्याचं सगळ्यांत मोठं कारण ‘डिड’. प्रश्न असतो, ‘व्हेअर डिड द ट्रेडर गो?’ मुलगा लिहितो, ‘द ट्रेडर डिड गो...’ किंवा नुसतं ‘गो’. प्रश्नातला ‘डिड’ उत्तरातून गळला की त्याचा भूतकाळ क्रियापदावर येऊन बसतो: गोचं वेन्ट, सेलचं सोल्ड. आणि उत्तर नकाराचं असेल तर ‘डिड नॉट’ राहतो, मग क्रियापद साधंच: डिड नॉट सेल. ‘डिड नॉट सोल्ड’ म्हणजे भूतकाळ दोनदा. हे पाठ करायला लावू नका. रोजच्या पाच प्रश्नांत पेन्सिलीने ‘डिड’ला वर्तुळ करायला सांगा, महिन्याभरात हात वळतो.

उत्तर किती लांब लिहायचं, हेही मुलांना कळत नाही. आपल्या कर्नाटकातल्या दहावीच्या इंग्लिश पेपरात दोन मार्कांची उत्तरं दोन-तीन वाक्यांत आणि तीन मार्कांची पाच-सहा वाक्यांत लिहा, असं वर लिहूनच येतं. म्हणजे दोन मार्कांना दोन मुद्दे हवेत. ‘बिकॉज ही लव्ह्ड हिज बुलक्स’ हा एक मुद्दा झाला. कशावरून, तर अकरा वर्षं त्यांनी शेत नांगरलं, हा दुसरा. मूल पहिला मुद्दा लिहून पेन ठेवतं आणि एक मार्क घरी येतो.

गाईडबद्दल लोक मला विचारतात. धड्याखालच्या प्रश्नांची उत्तरं गाईडमध्ये छान असतात, वाद नाही. पण प्रश्न थोडा फिरवून आला, शेतकऱ्याऐवजी व्यापाऱ्याच्या बाजूने विचारला, की पाठ केलेलं उत्तर बसत नाही. आणि न पाहिलेल्या उताऱ्याचं गाईड छापताच येत नाही. फोनचंही तसंच. फोटो काढला की भाषांतर हातात येतं, मग मुलगा वाचेल कशाला? फोन ठेवायचाच असेल तर उतारा मोठ्याने वाचून घ्यायला वापरा, उच्चार ऐकायला वापरा. भाषांतर बघायचं ते मुलाने आपल्या तोंडाने गोष्ट सांगितल्यावर, आपलं कुठे चुकलं ते ताडून बघायला.

मुलाने स्वतः लिहिलेलं उत्तर तपासताना सगळ्या चुका एकदम काढू नयेत, वही लाल झाली की पोर दुसऱ्या दिवशी गाईडकडे वळतं. आधी बघा, प्रश्नाचंच उत्तर आहे का. मग क्रियापद बघा, काळ जमला का, कर्ता कोण ते कळतं का. ‘बिकॉज’चं स्पेलिंग तिसऱ्या फेरीत. तेवढं तर शाळेत टीचर करतातच.